तिसरा वेढा

मी एक जुनी फणी आहे. जुनी म्हणजे किती, तर शंभरी ओलांडूनही मला आता बरीच वर्षे झाली. मित्रांनो, फणीची गोष्ट म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींनी डोके खाजवायला सुरुवात केली असेल. खुशाल खाजवा. मी उवांबद्दल काही बोलणार नाही. मला जे सांगायचे आहे ते त्याहून वाईट आहे.

ज्या मुलखात मी घडले तिथे वस्तूला शंभर वर्षे पूर्ण झाली की ती जागी होते. त्यामुळे माझ्या जन्माची हकिगत मला ऐकीवच माहीत आहे. तशी तुमचीही तुम्हाला ऐकीवच माहीत असते. एका फणी करणाऱ्या कारागिराने चिवट, पिवळसर लाकडाचा एक ओंडका चुलीवर टांगून बारा वर्षे धुरात वाळवला. बारा वर्षे त्याची बायको त्या ओंडक्याला डोके आपटून घेत होती आणि त्याला बोल लावत होती, असे म्हणतात. मग त्याने त्याची पातळ फळी काढली, बारीक करवतीने एकेक दाता कापला, दात्यांमधली जागा कानशीने गुळगुळीत केली आणि मला तीन दिवस तेलात बुडवून ठेवले. माझ्या अंगावर नक्षी नाही की रंग नाही. लोक मला पाहून नाक मुरडत, पण एकदा केसांतून फिरवली की परत द्यायला त्यांचा हात पुढे होत नसे. मला याचा फार गर्व होता. तो गर्व कुणाच्या अंगाशी आला, ते सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

मी जागी झाले तेव्हा एका डोंगरी किल्ल्यात, एका बाईच्या कमरेला खोचलेली होते. सरदाराच्या घरातल्या बायकांची वेणीफणी करणे हे तिचे काम. भाऊ आणि भावजय तापाने गेल्यावर त्यांच्या दोन मुली तिनेच वाढवल्या होत्या, म्हणून त्या तिला आत्या म्हणत. ऐकून ऐकून पहारेकरीही आत्याच म्हणू लागले. थोरल्या मुलीचे नाव टिटवी पडले होते, कारण तिची टकळी सकाळी सुरू झाली की दिवेलागणीला थांबे. धाकटीला सगळे नुसते धाकटीच म्हणत.

जागी झाल्यावर मला एक गोष्ट जमू लागली. मी केसांतून फिरत असताना, आणि फक्त तेवढ्यापुरते, माझे बोलणे मला धरलेल्या हाताला ऐकू जाई. आत्यालाही ते ऐकू येई, पण कानात वारे शिरले म्हणून ती डोके झटकून मोकळी होई. टिटवीने मात्र पहिल्याच दिवशी मला उत्तर दिले. "एवढं शहाणपण आहे तर गुंता स्वतःच सोडव की," असे ती म्हणाली. त्या दिवसापासून आमचे जमले.

त्या मुलखात केसांचा एक कायदा होता. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे तोच. साध्या माणसाने केसांची एक गाठ मारायची. सैन्यातल्या नायकाने बुचडा बांधून त्याला केसांचाच दोनदा वेढा द्यायचा. तीन वेढे फक्त सरदाराच्या घराण्यातल्यांना, मग तो बाप्या असो की बाई. ज्याचा हक्क नाही त्याच्या डोक्यावर कुणी जास्तीचा वेढा बांधला, तर बांधणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. माणूस दुरून ओळखू यायचा तो असा, बुचड्यावरून. चेहऱ्याकडे फारसे कुणी बघतच नसे.

नदीपलीकडच्या सरदाराला आमच्याकडे सगळे म्हातारा म्हणत. एका लढाईत आमचा सरदार त्याच्याकडून हरला आणि तह झाला. तहाचे कलम एकच होते. आमच्या सरदाराची सात वर्षांची मुलगी ओलीस म्हणून म्हाताऱ्याच्या घरी राहील. तह मोडला तर तिचे काय करायचे ते म्हातारा ठरवील.

त्या संध्याकाळी सरदाराच्या बायकोने आत्याला बोलावले. मी कमरेला होते, म्हणून मी ते ऐकले.

"तुझ्या घरात दोन आहेत," बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्याकडे एकच आहे."

आत्याने मला कमरेतून काढले, पदराला पुसले आणि परत खोचले. मग तिने विचारले, "कधी न्यायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकटीला पाटावर बसवले आणि माझ्याकडून तिचे केस विंचरून घेतले. धाकटीचे केस दाट होते, आज्ञाधारक होते. पहिला वेढा, दुसरा वेढा, तिसरा. पाटावर बसली ती वेणीफणी करणारीची भाची आणि उठली ती सरदाराची लेक. कुणालाही खरे वाटले असते. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, मित्रांनो. मला वाटला तो अभिमान. टिटवी दाराशी बसून सगळे पाहत होती. त्या दिवसानंतर तिची टकळी बंद झाली. नाव तेवढे टिटवी राहिले.

आमच्या सरदाराची खरी मुलगी आतल्या खोल्यांत वाढत राहिली, आणि सगळे किल्लेकरी मूग गिळून बसले.

तीन वर्षांनी आमच्या सरदाराने नदीचे पाणी वळवायला बांध घातला आणि तह मोडला. त्याला कसली भीती होती? लढाई सुरू झाली. म्हाताऱ्याने निरोप पाठवला तो असा : "पाण्यासाठी मी पोरीचा जीव घेणार नाही. पण या लढाईत माझा मुलगा पडला, तर तुमच्या मुलीला मी ठेवणार नाही."

म्हाताऱ्याचा हा मुलगा त्याच्या सैन्याचा सेनापती होता. लढताना तो लोखंडी मुखवटा घालत असे, त्यामुळे आमच्या बाजूच्या कुणीही त्याचा चेहरा पाहिलेला नव्हता. दिसायचा तो मुखवट्याच्या मागे बांधलेला तीन वेढ्यांचा बुचडा. आमच्या किल्ल्यातली तीनशे माणसे त्या बुचड्यावर टपून होती. त्याने सुखरूप राहावे असे वाटणारी एकटी टिटवी होती. धाकटीचा जीव त्याच्या जिवाला बांधलेला होता.

आता मी तुम्हाला धुण्याच्या खोलीत नेणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी चार ओळी सोडून द्याव्यात. पूर्वी त्या खोलीत कपडे धुतले जात. दगडी फरशी, मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ, भिंतीला लागून लांब फळी. लढाईत मारलेल्या शत्रूंची मुंडकी तिथे येत. आत्या आणि टिटवी ती धूत, केस विंचरून बुचडा बांधत आणि फळीवर ओळीने मांडून ठेवत. मग सरदार येऊन ती बघे आणि मारणाऱ्याला त्याप्रमाणे बक्षीस देई. साध्या शिपायाच्या डोक्याला शाबासकी. दोन वेढ्यांचा नायक मारणाऱ्याला मात्र सैन्यातून कायमची सुटी, घरी परत. आत्या त्या डोक्यांना पाहुणे म्हणे. "पाहुण्यांना गार पाण्याने धुऊ नकोस," असे ती टिटवीला बजावत असे. ती हे थट्टेने म्हणत नव्हती.

तिथे मला कळले की मेलेल्या माणसाच्या केसांत त्याच्या मनातली शेवटची गोष्ट राहते. मी फिरले की ती मला कळे, आणि मला धरलेल्या हातालाही. शेवटच्या क्षणी माणसे मोठे काहीतरी आठवत असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे नसते. एकाला खुराड्याची कडी लावायची राहिली होती. एकाला गाण्यातला एक शब्द आठवत नव्हता. आईची आठवण मला एकाच्याच केसांत सापडली, तीही तिने त्याला एकदा उगीच मारले होते म्हणून. सुरुवातीला टिटवी प्रत्येकाचे ऐकून रडायची. पुढे रडायची नाही, पण ऐकायची मात्र सगळ्यांचे. आत्याने हातांना फडके गुंडाळून काम करायला सुरुवात केली.

किल्ल्यात एक पाणक्या होता. अर्धे केस पांढरे झालेला, वाकलेला, कावडीने नदीचे पाणी वर आणणारा. नदीवर पाणी भरताना पलीकडच्या काठावर धाकटी दिसली की तो टिटवीला येऊन सांगे. आज तिने पाण्यात दगड मारून सहा टप्पे पाडले. आज तिला शिंका येत होत्या. तीन वर्षांत धाकटीची खबर टिटवीला मिळाली ती एवढीच, आणि ती फक्त त्याच्याकडून.

एका संध्याकाळी हाच पाणक्या धुण्याच्या खोलीत आला. त्याच्या हातात एक पाहुणा होता. ओढ्यावर पाणी भरताना शत्रूचा एक तरुण शिपाई त्याच्या अंगावर धावून आला आणि याने घाबरून कावडीचा दांडा मारला. लढाईत मारलेला नव्हता, पण मेलेला होता.

"दोन वेढ्यांचं कर," पाणक्या म्हणाला.

"वेड लागलंय का? साधा शिपाई आहे हा. मला फाशी देतील, आणि तुलाही."

"आत्या करते की कधीकधी."

"मग आत्याला सांग."

"आत्याला द्यायला माझ्याकडे काही नाही." तो फरशीवर बसला. "माझी शेंडेफळ पोर चालायला लागली तेव्हा मी इथे होतो. आता बोलायलासुद्धा लागली असेल. मी काही मागितलंय का तुझ्याकडे कधी?"

त्याने खरेच कधी काही मागितले नव्हते. टिटवीने मला उचलले.

त्या शिपायाचे केस लांब, दाट आणि ओले होते. मी फिरले. त्याच्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटला होता, आणि उद्या तो आपल्या हाताने शिवायचा, दुहेरी दोऱ्याने, एवढेच त्याच्या मनात होते. टिटवीने दोन वेढे दिले. केसांचे टोक उरले आणि बाजूने लोंबू लागले. वेढे ढिले पडत होते.

आणि इथे मी तोंड उघडले. ओल्या केसांना जास्तीचा एक वेढा द्यायचा, वाळले की तो काढून टाकायचा, म्हणजे खालचे दोन दगडासारखे घट्ट बसतात. ही आमच्या कामातली जुनी युक्ती आहे आणि ती खरी आहे. पण मी ती युक्ती म्हणून सांगितली नाही. इतके सुंदर केस माझ्या दात्यांतून कित्येक महिन्यांत गेले नव्हते. मला ते पुरे बांधलेले बघायचे होते.

"अजून एक वेढा दे," मी म्हणाले. "सकाळी काढ."

"तीन?" टिटवी कुजबुजली.

"वाळेपर्यंतच. ऊन यायच्या आधी काढ."

तिने तिसरा वेढा दिला. मग केस वाळायची वाट बघत ती पायरीवर बसली. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला हातात धरूनच ती झोपली. मी तिला हाका मारत राहिले. पण माझ्या दात्यांत केस नव्हते, त्यामुळे तिला काहीच ऐकू गेले नाही.

सरदार रोज अंगणात ऊन आल्यावर येत असे. त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती, म्हणून तो उजाडताच आला. टिटवी जागी झाली ती आरडाओरड्याने. फळी अंगणात नेलेली होती. सरदार गालाला हात लावून त्या तीन वेढ्यांसमोर उभा होता आणि त्याची दाढदुखी कुठल्या कुठे पळाली होती.

"कोणी मारला?"

पाणक्याला ढकलत पुढे आणले. 

"मुखवटा कुठे आहे?"

पाणक्या फळीकडे बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणाले, "पाणी प्यायला काढला असेल, ओढ्यावर." दुसरा म्हणाला, "मग तसंच असणार." पाचव्या माणसापर्यंत ती गोष्ट पोचली तेव्हा पाणक्याने त्याला मारण्यापूर्वी दोनदा आव्हानही दिले होते. आत्या फळीशी उभी होती. तिने बुचडा बघितला, टिटवीकडे बघितले आणि मान खाली घातली. नगारे वाजू लागले. त्यांचा आवाज नदीपलीकडे सहज जातो. आणि नगाऱ्यांनी भागले नाही म्हणून सरदाराने काठावर माणूस धाडून मोठ्याने ओरडायलाही लावले : म्हाताऱ्याचा मुलगा पडला.

टिटवीने आत्याला धुण्याच्या खोलीत गाठले.

"आत्या, तो साधा शिपाई आहे. तिसरा वेढा मी वाळण्यासाठी दिला होता."

"हळू बोल."

"तुला कळलं होतं. तू बोलली का नाहीस?"

"मला काय कळलं आणि काय नाही, ते मी चारचौघांचे चेहरे बघून ठरवते. म्हणून मी या वयापर्यंत आले." आत्या फरशी घासत होती. जिथे डाग नव्हता तिथे घासत होती.

"धाकटीला मारतील."

आत्याचा हात थांबला. "म्हाताऱ्याचा मुलगा बांधाकडे गेलाय, चार दिवसांत परत येईल घरी. मग त्याला कळेलच की."

"चार दिवस थांबणार आहे का तो?"

आत्या पुन्हा फरशी घासू लागली.

टिटवी सरदाराकडे गेली. तो गरम पाण्याने चूळ भरत होता. तिने सगळे खरे सांगितले, फक्त पाणक्याने काय मागितले तेवढे सांगितले नाही. चूक आपली एकटीची म्हणाली. सरदाराने चूळ टाकली आणि अगदी शांतपणे विचारले, "तीन वेढे होते ना?"

"होते. पण मी बांधलेले."

"चांगले बांधलेस. आज महिन्याभरात पहिल्यांदा माझी माणसं हसली. त्यांना जाऊन सांगू का, की हसू नका?"

"पलीकडे ती..."

"पलीकडे माझी मुलगी आहे," सरदार म्हणाला. "सगळं जग तसं समजतं. तू काही वेगळं समजतेस का?"

त्याने आत्याला बोलावून टिटवीला कोठारात कोंडायला सांगितले. आत्याने तिला आत ढकलले, दार ओढून घेतले आणि कडी न लावताच निघून गेली. आत्याला मी कधी माफ केले नाही, पण एवढे तिच्या बाजूने सांगणे भाग आहे.

टिटवी बाहेर पडली. अंगणातल्या पहारेकऱ्याला "वेढा सैल झालाय, नीट करते" असे सांगून, त्याची पाठ वळताच तिने तो बुचडा कापून घेतला, फडक्यात गुंडाळला, आणि मला पदरात खोवून नदीची वाट धरली. भर दुपार होती, तरी नदीवर धुके होते. पाणक्या काठावरच बसलेला होता. त्याला सुटी मिळाली होती आणि त्याच्याने निघवत नव्हते. टिटवीला बघताच तो उठला. पाणी कुठे उथळ आहे ते त्याच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. छातीभर पाण्यातून त्याने टिटवीला हाताला धरून पलीकडे नेले.

"तिकडे माझं नाव सांगशील?" त्याने विचारले.

"तुझं नाव मला कुठे माहीत आहे?"

ते खरे होते. तो परत पाण्यात उतरला, अलीकडच्या काठावर गेला आणि काठाने खाली, आपल्या गावाकडे चालू लागला. तो घरी पोचला, असे मी पुढे ऐकले.

म्हातारा आपल्या बैठकीच्या खोलीत एकटा बसला होता. समोर दिवा लावलेला नव्हता, जेवणाचे ताट तसेच झाकलेले होते. नगारे ऐकल्याबरोबर त्याने हुकूम दिला होता : मुलगी उद्या सकाळी. टिटवीला पहारेकऱ्यांनी आणून पुढे उभे केले, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"तुमचा मुलगा जिवंत आहे," टिटवी म्हणाली. तिने फडके उलगडले. "हे केस त्याचे नाहीत."

"तीन वेढे आहेत."

"ते मी बांधलेत. ही फणी घ्या आणि केसांतून फिरवा. हिला शंभर वर्षं होऊन गेलीत."

जुन्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावे लागत नाही. त्याने मला हातात घेतले. दोनदा मी केसांबाहेर घसरले. तिसऱ्यांदा मी नीट बसले आणि त्याने ऐकले. डावी वहाण. तुटलेला अंगठा. उद्या शिवायला हवा, दुहेरी दोऱ्याने.

"माझ्या मुलाने जन्मात कधी वहाण शिवलेली नाही," असे म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. म्हातारा शत्रू होता, पण तेव्हा माझ्या दात्यांवर त्याचे पाणी पडले, आणि ते इतर कुणाच्याही पाण्यासारखेच होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसेच वाटले. पण म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि तो पुन्हा सरदार झाला.

"तुझा सरदार गप्प बसला," तो म्हणाला. "त्याची बायको गप्प बसली. त्यांच्या मुलीसाठी नदी ओलांडून आली कोण, तर त्यांची वेणीफणी करणारी. का?"

टिटवीने वाटेत सगळ्याची उत्तरे जुळवून ठेवली होती. याचे ठेवले नव्हते. तेवढ्यात आतले दार किलकिले झाले. दहा वर्षांची एक मुलगी, तीन वेढ्यांचा बुचडा घातलेली, फटीतून बघत होती. टिटवीने तिच्याकडे पाहिले. फक्त पाहिले. म्हाताऱ्याने ते पाहणे पाहिले, आणि पुढे त्याला काही विचारावे लागले नाही.

"तीन वर्षं," तो हळूच म्हणाला. "माझ्या नातवंडांच्या शेजारी झोपली ती."

"तिची काही चूक नाही."

"नाहीच. मी शब्द दिला होता, मुलगा पडला तर मुलगी जाईल. मुलगा पडला नाही. ती जगेल, इथेच, कुणाचीही मुलगी नसल्यासारखी. पण एक खोटा बुचडा माझ्या घरात आला आणि एक माझ्या हातात आहे. हे कोणी बांधले?"

मला सगळे माहीत होते. पहिला आत्याने बांधला. दुसरा बांधला टिटवीने, पण तिसरा वेढा माझा होता. माझ्या शब्दावरून दिलेला होता. मी चटईवर पडले होते. माझ्या दात्यांत एकही केस नव्हता.

"दोन्ही मीच बांधले," टिटवी म्हणाली.

त्याने तिला धाकटीला भेटायला वेळ दिला. टिटवीने धाकटीला समोर बसवले, तिचा बुचडा सोडला, आणि माझ्याकडून ते केस सावकाश विंचरून घेऊन एक साधी गाठ मारली.

"ताई, मला न्यायला आलीस?" धाकटीने विचारले.

"आले ना."

"एवढी उशिरा?"

"पाण्याला ओढ होती," टिटवी म्हणाली. "बघू, उभी राहा. केवढी वाढलीस गं."

मग तिने तासभर तरी तोंड मिटले नाही. किल्ल्यातली मांजरी, पहारेकऱ्याचे घोरणे, आत्याचे फडके, काय वाटेल ते बोलत राहिली. धाकटी हसत होती. तीन वर्षांनी मी टिटवीची टकळी ऐकत होते, आणि मघाशी केसांतून फिरतानाही मला एक शब्द बोलता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षा झाली. मी ती पाहिली नाही आणि सांगणारही नाही.

दुपारी म्हाताऱ्याच्या घरातली वेणीफणी करणारी बाई धाकटीकडे आली. डोके आमच्या सरदाराकडे परत पाठवायचे होते, आणि मेलेल्याचे केस रक्ताच्या माणसाने बांधायचे असे त्यांच्याकडे मानत. बाई म्हणाली, "तुला नको असेल तर मी करते, बाळा." धाकटीने नुसती मान हलवली आणि मला उचलले.

तिने गार पाणी घेतले नाही, कोमट घेतले. हे तिला कुणी शिकवले होते कोण जाणे. मी टिटवीच्या केसांतून फिरले, आणि जागी झाल्यापासून पहिल्यांदा मला ऐकायची भीती वाटली. तिच्या मनात राग असेल. माझे नाव असेल. तिसरा वेढा असेल.

त्यातले काहीही नव्हते. धाकटीच्या बाह्या आखूड झाल्यात, एवढेच होते. मनगट उघडे पडते, थंडीत काकडेल. आत शिवणीत कापड दुमडलेले आहे, दोन बोटे उसवली की पुरेल. कुणाच्या लक्षात कसे आले नाही?

धाकटीने ते ऐकले. ती थांबली नाही. तिने सगळा गुंता सोडवला आणि एक साधी गाठ मारली, जेवढी टिटवीची होती तेवढीच. मग ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्या कडेच्या दात्याने आपल्या उजव्या बाहीची शिवण उसवू लागली. टाके घट्ट होते. निम्म्यावर माझा दाता मोडला. तिने दुसऱ्या दात्याने उरलेले टाके काढले, मग डाव्या बाहीचे. बाह्या दोन बोटे खाली आल्या. तेव्हा ती रडली.

धाकटी आता म्हातारी झाली आहे. नदीपलीकडे आणि अलीकडे कोण सरदार आहे, हे मला ठाऊक नाही आणि तिलाही ते विचारावेसे वाटत नाही. तिने जन्मभर कुणाचाही बुचडा बांधला नाही. ती शिवणकाम करते. मी तिच्या सुयादोऱ्यांच्या डब्यात असते. आठवड्यातून एकदा ती मला तेलाचे बोट लावते, केसांतून एकदा फिरवते आणि विचारते, "काही म्हणायचंय?" मी नाही म्हणते.

मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपलेच आहे, माझ्या लायकीपेक्षा जास्त. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात तुमच्याहून लहान कुणी असेल, तर आज त्याला जवळ बोलवा, उभे करा, आणि त्याच्या बाह्या मनगटापर्यंत पुरतात का ते बघा. पुरत नसतील तर आजच उसवा. उद्या बघू म्हणू नका.